माहुलीहून मुरबाडास

मुरबाडच्या शीवेला लागून आमच्या घराण्याची एक आंब्याची वाडी आहे. घराण्याची म्हणून जी जमीन एके काळीं होती, तिच्यांतलें आतां एवढेंच काय तें उरलें आहे. भाताचीं खाचरें १९५७ सालीं कूळकायद्यान्वयें कसणाऱ्यांच्या नांवें झालीं, आणि तें योग्यच झालें असें आमचे आजोबा स्वतः म्हणत असत. डोंगराच्या पोटाची वरकस जमीन १९७५ सालीं खासगी वनें ताब्यांत घेण्याचा कायदा झाला त्यांत सरकारजमा झाली. राहतां राहिली ती ही दोन एकर वाडी : सतरा आंबे, चार फणस, बांधावरची एक चिंच आणि दगडी बांधणीची एक विहीर. वाडी राखणारें कुटुंब तीन पिढ्या तेथेंच राहत आहे. वर्षाकांठीं आंब्याच्या चार-दोन पेट्या मुंबईस येतात, त्यावरून आमच्या मुलांना आपलें मूळ गांव कोठेंतरी आहे एवढें समजतें.

गेल्या दिवाळींत सगळी मंडळी एकत्र जमली असतां आमच्या थोरल्या काकांनीं, ज्यांस घरांत लहानथोर सर्व नाना म्हणतात, भाऊबीजेच्या जेवणानंतर विषय काढला. नानांस चौऱ्यायशीवें वर्ष चालू आहे. ते म्हणाले, "वाडी विकण्याची भाषा माझ्या देखत नको. ती गांवाला सार्वजनिक बागेसाठीं देऊन टाकूं. बाबांचें नि आईचें नांव राहील, पोरांना खेळावयास जागा होईल." काकूंनीं पदर डोळ्यांस लावला. वहिनींनीं "फारच छान" म्हटलें. बोलणें तेथेंच संपावयाचें, पण आमचे धाकटे बंधु बापू, ज्यांचें सारें आयुष्य बँकेंत गेलें, त्यांनीं विडा लावतां लावतां विचारलें, "आणि पाणी कोण घालणार?"

नाना चिडले. "अरे, दान करावयाचें तें तराजू घेऊन करावयाचें काय?" बापूंचें उत्तर असें कीं, नवी बाग करण्याला पैसा आज कमी नाहींच. २०२५ च्या सप्टेंबरांत राज्य सरकारनें राज्यांतील ३९४ नगरपालिका व नगरपंचायतींस प्रत्येकी एक कोट रुपये बागेसाठीं देण्याचें जाहीर केलें. शहापूर व मुरबाड ह्या दोन्ही गांवीं नगरपंचायती आहेत. कोट एकदां येतो. माळ्याचा पगार मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेस येतो, आणि तो कोणीच जाहीर करीत नाहीं. वाद वाढला. शेवटीं, आम्ही लेखणी चालवितों एवढ्याच भांडवलावर निवाडा आमच्याकडे आला, व आम्हीं तो नेहमींच्या युक्तीनें पुढें ढकलला : पौषांत सर्वांनीं तिकडे जाऊन डोळ्यांनीं पाहावें, मग बोलावें. मुलांना म्हशाची जत्राही दिसेल.

त्याप्रमाणें आम्ही नऊ माणसें कल्याणाहून सकाळच्या कसारा लोकलनें निघालों. नानांनीं हट्टानें मोटार नाकारली. आसनगांवच्या स्टेशनांत उतरतांच माहुलीची रांग समोर उभी राहते. ठाणें जिल्ह्यांतील हा एक उंच गड, सुमारें २८०० फूट. खरें पाहतां हे तीन गड आहेत : पळसगड, माहुली आणि भंडारगड. माथ्यावरचे सुळके दुरून एखाद्या वऱ्हाडासारखे दिसतात, आणि लोकांनीं त्यांना नांवेंही तशींच दिलीं आहेत : नवरा, नवरी, करवली, भटोबा. "लग्न केव्हांच लागून गेलें, पण भटोबा दक्षिणेसाठीं अजून उभा आहे," असें नाना म्हणाले. हा विनोद त्यांनीं चाळीस वर्षांपूर्वींही आम्हांस ह्याच जागीं सांगितला होता.

१६३६ सालीं निजामशाही वांचविण्याची शेवटची झुंज शहाजीराजांनीं ह्या गडाच्या आश्रयानें दिली, व खानजमानाच्या वेढ्यापुढें त्यांना तो सोडावा लागला. १६७० च्या फेब्रुवारींत मराठ्यांचा हल्ला मोंगल किल्लेदार मनोहरदास गौड यानें परतवून लावला. एवढा पराक्रम करूनही त्यानें किल्लेदारी पुढें ठेवली नाहीं. त्याच्या जागीं अलीवर्दी बेग आला, आणि त्याच वर्षींच्या जूनमध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं माहुली स्वराज्यांत आणली. गड कधीं घेतला हें बखरकार तिथीवारासह सांगतात. गडावरच्या टाक्यांतला गाळ कोणत्या सालीं कोणीं काढला तें कोणी लिहीत नाहीं. आमच्यांतील तिघे तरुण वर जाऊन संध्याकाळीं उतरले. त्यांनीं सांगितलें कीं, वर दहा-बारा मुलें घमेलीं घेऊन अशाच एका टाक्यांतून चिखल उपसत होतीं. तीं दूरदूरच्या गांवांहून आलेलीं होतीं, पहिल्या लोकलनें येऊन शेवटच्या लोकलनें परतणार होतीं, आणि त्यांनीं आमच्या पुतण्यालाही दोन तास घमेलें धरावयास लाविलें. त्याचे हात सोलवटले होते व तो अतिशय आनंदांत होता.

वर न गेलेल्या मंडळींनीं दुपारीं भाड्याची मोटार करून तानशाकडची वाट धरली. माहुलीचें रान हें तानसा अभयारण्याचाच भाग. हें अभयारण्य १९७० सालीं जाहीर झालें. विस्तार तीनशें चौरस किलोमीटरांहून अधिक. साग, ऐन, खैर, मोह, हेद, बिबळा, मध्येंच कळकाचीं बेटें, आणि उतारावर कारवी, जी सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते. पौषांत सागाचीं पानें करपूं लागलेलीं असतात. त्यांवरून मोटार गेली कीं मागें बराच वेळ कुरकुर ऐकूं येते. धरणावर जाण्यास परवानगी लागते व ती आम्हीं आधीं काढलेली नव्हती, म्हणून तलाव लांबूनच पाहिला. हें दगडी धरण १८९२ सालीं पुरें झालें. लांबी पावणेदोन मैलांच्या घरांत. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड लान्सडाउन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें होतें. तेव्हांपासून आजतागायत मुंबईस येथून पाणी जात आहे. पुढें मोडकसागर आला, ऊर्ध्व वैतरणा आली, भातसा आली, २०१४ सालीं मध्य वैतरणा आली. परंतु ह्या म्हाताऱ्या धरणाची निगा कोणी सोडली नाहीं. बापूंनीं तेथेंही हिशेबाची संधि साधलीच. धरण राखलें जातें, कारण मुंबईच्या प्रत्येक नळामागें पाणीपट्टी आहे. धरणाला पाणी पुरविणाऱ्या ह्या रानाची पट्टी मात्र कोणीच भरत नाहीं.

रस्त्याच्या कडेला पांच-सहा मजूर आणि एक तरुण वनरक्षक गवत कापून, पाला झाडून एक लांब उघडा पट्टा काढीत होते. आम्हीं मोटार थांबविली. त्याला जाळरेषा म्हणतात. उन्हाळ्यांत वणवा पेटला तर तो ह्या पट्ट्याशीं येऊन अडावा, ही त्यांतील योजना. फाल्गुन लागण्यापूर्वीं सगळ्या रेषा झाल्या पाहिजेत. पावसाळ्यांत गवत पुन्हां वाढतें, आणि पुढल्या पौषांत सारें पहिल्यापासून. काकूंनीं त्याला तिळाचा लाडू दिला व विचारलें, "बाबा, दर वर्षीं तेंच तेंच करून कंटाळा नाहीं येत?" तो हंसून म्हणाला, "आजी, नवीन झाडं लावली की मोठी माणसं बघायला येतात. जाळरेषा बघायला कोण येतंय? ती नीट असली तर बघण्यासारखं काही घडतच नाही." मग त्यानें बोट दाखवून त्याच्याकडे किती रान आहे तें सांगितलें. तें सांगण्यास त्याला हात दोन दिशांस पसरावे लागले.

नवीं झाडें लावण्याचा आपल्या राज्याला अलीकडे मोठाच उत्साह चढला होता. २०१६ च्या जुलैमध्यें एका दिवसांत दोन कोटि, पुढल्या वर्षीं चार कोटि, मग तेरा, मग २०१९ सालीं तेहतीस कोटि असे आंकडे जाहीर झाले. ह्यांपैकीं प्रत्येक रोपाला तीन उन्हाळे तरी कोणीतरी जपावें लागतें. तो कोणीतरी ह्या आंकड्यांत दिसत नाहीं. उलट जुन्या रानाचा उपयोग काय म्हणाल, तर एका पक्ष्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. रानपिंगळा म्हणून एक लहानसें घुबड आहे. १८८४ नंतर तें कोणास दिसलेंच नाहीं. जगांतून नाहींसें झालें असें पंडितांनीं ठरविलें होतें. १९९७ सालीं खानदेशांत, शहाद्याजवळ, तें पुन्हां सांपडलें. आणि २०१४ सालीं तें येथें, मुंबईपासून अडीच तासांच्या वाटेवर, ह्याच तानशाच्या रानांत आढळलें! हा पक्षी घरटें बांधीत नाहीं. म्हाताऱ्या झाडाच्या ढोलींत राहतो. तेहतीस कोटि रोपांत एकही ढोली नसते, ती पडावयास झाडाला आयुष्य घालवावें लागतें.

रात्रीं शहापुरास एका स्नेह्यांच्या घरीं मुक्काम केला. तांदळाच्या भाकरी, वालाचें बिरडें आणि ताक. यजमानीणबाईंनीं पाणी देतांना सहज सांगितलें कीं, हें आहे तोंवर पोटभर प्या, चैत्र-वैशाखांत वरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या तलावांच्या ऐन कुशींत असलेल्या तालुक्याची ही गोष्ट! आमची सून, जी जन्मापासून मुंबईचें पाणी पीत आली, ती भांडें हातांत घेऊन थोडा वेळ तशीच बसली.

दुसरे दिवशीं किन्हवली-सरळगांवच्या वाटेनें मुरबाडाकडे निघालों. हा काळू व शाई ह्या दोन नद्यांचा मुलूख. डावीकडे सह्याद्रीची भिंत, तींत माळशेजचा घाट आणि त्याच्या अलीकडे नाणेघाट, जेथें सातवाहनांच्या काळीं जुन्नराकडे जाणारा माल चढत असे. घाटाच्या तोंडाशीं जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण अजून उभा आहे. जकात घेणारानें वाट दुरुस्त ठेवावी हा व्यवहार फार जुना दिसतो. काळू नदीवर मोठें धरण बांधण्याचें काम २०११ सालीं सुरू झालें होतें; वनखात्याची संमति नसतां तें चालविल्यामुळें २०१२ सालीं उच्च न्यायालयानें थांबविलें. त्यांत सुमारें हजार हेक्टर रान बुडावयाचें होतें.

अशा रानाच्या बदल्यांत काय करावयाचें, ह्याची व्यवस्था १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापासून चालत आली आहे. जेवढें रान जाईल तेवढी दुसरी जमीन वनासाठीं द्यावी, किंवा दुप्पट उजाड वनजमिनीवर झाडें लावावींत, आणि पैसा भरावा. हा पैसा वर्षानुवर्षें सांचत गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्यें केंद्रानें त्यांतून ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम राज्यांस वांटली, त्यांत महाराष्ट्राच्या वांट्यास ३,८०० कोटींच्या वर आले. म्हणजे येथें दारिद्र्य पैशाचें नाहीं. परंतु ह्या पैशाचा मुख्य ओढा नवी जमीन व नवीं रोपवनें यांकडे, आणि रोपवनाची राखण हिशेबांत धरावयाची ती साधारण सात ते दहा वर्षें. अकराव्या वर्षीं तें रान कागदोपत्रीं वन होतें, आणि कालच्या त्या वनरक्षकाचे दोन्ही हात आणखी थोडे पसरतात.

आमच्या घराच्या वरकसाचेंच पाहा. १९७५ च्या ३० ऑगस्टला, एका दिवसांत, राज्यभरचीं खासगी वनें सरकारचीं झालीं. कलमाच्या एका फटकाऱ्यानें एवढें रान पदरांत पडण्याचा योग क्वचित्. पण कोणती जमीन त्यांत आली, कोणाला नोटीस मिळाली होती, हे तंटे पुढें चाळीस वर्षें चालले; २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका मोठ्या दाव्यांत, नोटीस नुसती काढून भागत नाहीं, ती पोंचली पाहिजे, असा निवाडा दिला. आम्ही आमच्या जुन्या डोंगराखालून गेलों तेव्हां नानांनीं गाडी थांबवून वर पाहिलें. एका बाजूला खुंट व गवत. दुसऱ्या बाजूला, ठाकरांच्या वाडीच्या वरच्या अंगाला, दाट हिरवें रान. मालक दोन्हींचा एकच. नाना कांहीं बोलले नाहींत.

त्या हिरव्या बाजूचा उलगडा आम्हांस वाडींतल्या एका म्हाताऱ्यानें केला. तेथें वाघोबाचें ठाणें आहे. शेंदूर लावलेली एक पाटी, तीवर कोरलेला वाघ, वर ऐनाचें आणि हेळ्याचें छत. ह्या देवराईंत कुऱ्हाड चालत नाहीं. वाळलेलें लांकूडही बाहेर नेत नाहींत, देवाच्या कामापुरतें तेवढें जळतें. आश्विनांत वाघबारस येते, तेव्हां गुराखी तेथें जमतात, नवस फेडतात. त्या आधीं वाट साफ करावयाची, झऱ्याचें तोंड मोकळें करावयाचें, हें प्रत्येक घराकडे पाळीनें येतें. मुलांनीं विचारलें, "आणि नाहीं केलें तर?" म्हातारा म्हणाला, "तर मग वाघोबाची काय गरज?" त्याच्या बोलण्याचा अर्थ आम्हांस पुरता लागला नाहीं, पण बापूंनीं तें वाक्य पाकिटावर टिपून घेतलें. अशा देवरायांची महाराष्ट्रांत पद्धतशीर पाहणी १९७० नंतरच्या दशकांत माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्या दोघांनीं केली, आणि त्यांना शेंकड्यांनीं सांपडल्या. ज्या कारणांनीं त्या टिकल्या, तींच आतां सैल होऊं लागलीं आहेत हेंही खरें. रस्ता आला कीं देवाचें भय कमी होतें व सिमेंटचें देऊळ मोठें होतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभांस आपलें सामूहिक रान राखण्याचा हक्क दिला आहे. तो ज्यांनीं हातीं घेतला त्यांना पाळी लावण्याचें काम नव्यानें शिकावें लागणार नाहीं.

वाटेंत एका मोठ्या गांवीं चहासाठीं थांबलों. तेथें सार्वजनिक बाग आहे असें समजल्यावरून नानांनीं ती पाहण्याचा आग्रह धरला. गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वाचकांस स्वतःच्या गांवचें घालतां येईल. फाटक उघडेंच, कारण त्याला बिजागरी एकच. कारंजें कोरडें, तळाशीं बाटल्या. झोपाळ्याची एक सांखळी तुटून खाली लोंबत होती. नळाला तोटी नव्हती, आणि असती तरी पाणी नव्हतें. कोनशिला मात्र उत्तम होती : काळा दगड, सोन्याचीं अक्षरें, चौदा नांवें. आमच्या पुतणीनें नांवें मोजलीं, मग झाडें मोजलीं; झाडें नऊ भरलीं. एक म्हातारे गृहस्थ बांकावर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. ते म्हणाले, "पहिलीं दोन वर्षें फार सुंदर होती हो." नाना त्या कोनशिलेपुढें बराच वेळ काठी टेकून उभे होते.

म्हशाच्या जत्रेंत मुलांचे दोन तास गेले. पौष पौर्णिमेला म्हसोबाची ही यात्रा भरते आणि गुरांचा बाजार तर ह्या बाजूस प्रसिद्धच आहे. घोंगड्या, घुंगुरमाळा, भाताचीं कणगुलें, पाळणे, धूळ. बैलांचे दांत पाहून सौदे करणाऱ्यांची काकदृष्टि बघून बापू खूष झाले. एका शेतकऱ्यानें त्यांना सांगितलें, "बैल घेणं सोपं, सायेब. चाऱ्याचं गणित येत असंल त्यानंच खुंट्यापाशी जावं." बापूंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं नानांकडे पाहण्याचें टाळलें.

तिसऱ्या प्रहरीं वाडीवर पोंचलों. मोहोर नुकता फुटूं लागला होता. राखणदारानें अंगण सारवून घोंगडी अंथरली होती. दूर सिद्धगड व गोरखगडाचे कडे निळे दिसत होते. १९४३ च्या २ जानेवारीस भाई कोतवाल व हिराजी पाटील ह्या दोघां हुतात्म्यांस सिद्धगडाच्या रानांत गोळ्या घालण्यांत आल्या. तेथें स्मारक आहे, आणि दर वर्षीं त्याच तारखेला पहाटे लोक थंडींत चढून जातात. राखणदाराचा मुलगा आठच दिवसांपूर्वीं जाऊन आला होता.

चहा झाल्यावर बापूंनीं कागद पुढें ओढला. माळ्याचा पगार महिना पंधरा हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. पंपाची वीज तीस हजार. कुंपण, नळ, विहिरीचा गाळ, मेलेल्या झाडाच्या जागीं नवें झाड, मिळून चाळीस हजार. एकंदर अडीच लाख. साडेसहा टक्के व्याजानें हें उत्पन्न कायमचें हवें असेल तर साडेअडतीस लाखांचें भांडवल लागतें. आणि पगार दर वर्षीं वाढतात व व्याज वाढत नाहीं हें धरल्यास पंचेचाळीसाखालीं बोलूंच नये. "जमीन देणें हें दानाचें पहिलें पान झालें, नाना. पुस्तक पुढेंच आहे."

आमची पुतणी तीन वर्षें इंग्लंडांत मिल्टन कीन्स येथें राहून आली आहे. ती म्हणाली, तिच्या गांवीं हीच अडचण निघाली होती. तें शहर वसविणारें महामंडळ १९९२ सालीं मोडावयाचें ठरलें, तेव्हां बागा व मैदानें नगरपालिकेच्या गळ्यांत न घालतां एका विश्वस्त मंडळाला दिलीं, आणि बागांबरोबर भाडें देणाऱ्या इमारतीही दिल्या. आज सुमारें सहा हजार एकर हिरवळ त्या भाड्यावर राखली जाते. अमेरिकेंत उलट झालें. तेथें १९६४ सालीं नवी सार्वजनिक जमीन घेण्यासाठीं मोठा कोष काढला. पण त्यांतून जुन्याची डागडुजी करावयाची नाहीं. राष्ट्रीय उद्यानांतील तुंबलेल्या दुरुस्त्या बारा अब्ज डॉलरांच्या घरांत गेल्या, तेव्हां २०२० सालीं कायदा करून दुरुस्तीसाठीं वेगळी थैली बांधावी लागली.

नाना हें सारें डोळे मिटून ऐकत होते. आम्हांस वाटलें झोप लागली. एकाएकीं ते म्हणाले, "इंग्लंडला कशाला जातां? आपल्या कुलस्वामीच्या देवळाला पेशव्यांनीं नुसता कळस नव्हता दिला. दिवाबत्तीला शेत दिलें होतें. आईनें नंदादीप लाविला तेव्हां तेलासाठीं आपल्या पाटल्या मोडून पैसे देवस्थानांत ठेवले होते. समई कितीची होती कोणास ठाऊक. पण तेलाची गोष्ट ती मला मरेपर्यंत सांगत होती." मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं. विहिरीवर पंप चालू होता तेवढाच आवाज.

पण खरा पेंच अजून निघावयाचा होता. काकू मागच्या पडवींतून आल्या आणि हलक्या आवाजांत म्हणाल्या, "राखणदारीण मला विचारत होती, बाग झाली म्हणजे आम्हांला उठवणार का? तीन दिवस झाले, तिच्या घशाखालीं घांस उतरत नाहीं." आम्ही नऊ शिकलेलीं माणसें दिवाळीपासून त्या वाडीसंबंधानें बोलत होतों. बाग, नांव, व्याज, कायदा, सर्व निघालें. हा प्रश्न एकाच्याही तोंडून निघाला नव्हता. सतरा आंबे उभे होते ते कोणाच्या पाण्यावर, हें बापूंच्या कागदांतही 'माळी' ह्या एका शब्दांत आलें होतें.

नानांनीं राखणदाराला बोलावून समोर बसविलें. त्याला कोणतें झाड केव्हां पाणी मागतें, विहीर कोणत्या वर्षीं आटली होती, चिंचेखालीं मुलें आधींच खेळावयास येतात कीं नाहीं, असें एक एक विचारलें. मुलें येतात, शाळा सुटली कीं वीस-पंचवीस असतात, तो हांकलीत नाहीं, फक्त फांद्यांवर चढूं देत नाहीं. म्हणजे जी सार्वजनिक बाग करावयाची म्हणून आम्ही भांडत होतों, ती थोडीफार चालूच होती! रस्त्याकडचे दहा गुंठे रोपवाटिकेला भाड्यानें मागणारा एक जण मागच्याच महिन्यांत येऊन गेल्याचेंही त्यानें सांगितलें. बापूंचे डोळे चमकले. वाडी देऊन टाकण्याऐवजीं १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीं धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवावा, फाटक लोकांस उघडें ठेवावें, दहा गुंठ्यांचें भाडें आणि आंब्याचें उत्पन्न निगेला लावावें, उरलेली तूट आम्हां पांच घरांनीं ठेव ठेवून भरावी, इथवर बोलणें आलें. ठेवीचा आंकडा ऐकून आमच्यांतील एक-दोन चेहरे उतरले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. नानांनीं सभामंडपासाठीं बाजूला ठेवलेले आठ लाख त्याच क्षणीं ठेवींत घातले.

ऊन उतरूं लागलें तशी कल्याणच्या मोटारीची वेळ होत आली. नाना विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले व आम्हांस म्हणाले, "वही काढ. मसुदा लिही." आम्हीं वही काढली, आणि आतां आजोबा-आजींचीं नांवें येणार म्हणून मथळ्यासाठीं जागा सोडली.

"कलम पहिलें," नाना म्हणाले. "राखणदाराचें घर व परसू जसें आहे तसें राहील. त्याचा पगार न्यासानें द्यावा, व दर वर्षीं वाढवावा. कलम दुसरें. विहिरीचा गाळ दर वैशाखांत, पाणी तळाला गेलें म्हणजे, काढावा."

"खर्च कोणत्या खात्यांतून?" बापूंनीं विचारलें.

"तें कलम तिसरें. तें तूं सांग, हा लिहील."